अकोला आलं की फोटो उचलायचा

काकांच्या स्टुडिओचं शटर पूर्ण उघडलेलं मी सहा वर्षांत एकदाच पाहिलं. एरवी ते अर्ध्यावर थांबवलेलं असायचं, आणि आत यायचं तर तलाठी असो की नवरदेव, कमरेत वाकावंच लागायचं. पहिल्या दिवशी मी काम मागायला गेले तेव्हा मला हे कोण सांगणार? मेडशीहून एसटीनं आलेली, नवी ओढणी घातलेली, हातात कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट, आणि ठण्णकन डोकं आपटलं. आतून आवाज आला, "लागलं का वं?"

मी म्हटलं, "नाही."

तर ते उठून समोर येऊन उभे राहिले. भर उन्हाळ्यात अंगात आठ खिशांचं जाकीट, पायात स्लीपर, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. माझ्या कपाळाकडे बघत म्हणाले, "लागलं तं लागलं म्हनाचं. तोंडावर दिसून राह्यलं."

झाली मुलाखत. सर्टिफिकेट त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही. उद्यापासून ये म्हणाले, आणि मी गेले.

आमचं मालेगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, नाशिककडचं नव्हे. हे मला दरवेळी सांगावं लागतं म्हणून आधीच सांगून टाकते. तिथं बसस्टँडच्या मागं काकांचा स्टुडिओ. त्यांच्या घरची बाग गावाला लागूनच, त्यांचे भाऊ तिथं वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर करायचे आणि बाजाराला न्यायचे. काकांनी तरुणपणी बाग सोडून कॅमेरा धरला, तेव्हापासून भावाचं म्हणणं एकच, हा माणूस सावलीत बसायला शिकला. काका रोज येताना मात्र बागेतली वांगी पिशवीभर आणायचे आणि ज्याचा फोटो आवडला त्याला दोन-चार द्यायचे. फोटो आवडला म्हणजे काढलेला नव्हे, त्या माणसाचा चेहरा. तहसीलच्या साहेबाला सहा वर्षांत एक वांगं मिळालं नाही.

शटरचं कारण मी महिन्याभरानं विचारलं. म्हणाले, "वाकून आलेला मानूस जरा नरम येते. ताठ आला की फोटो बी ताठ येते."

दुसरी तऱ्हा याहून भारी होती. 'हसा' असं ते कुणाला कधी म्हणायचे नाहीत, दुसऱ्या कुणी म्हटलं तर चिडायचे. माणूस स्टुलावर बसला, हनुवटी जाग्यावर आली, की कॅमेऱ्यामागून विचारायचे, "सकाऊन काय खाल्लं?" समोरचा गोंधळायचा. आधारकार्डाच्या फोटोसाठी आलेला माणूस, त्याला न्याहारीचं विचारलं तर तो काय करणार? तो आठवायला लागायचा. भाकर होती की पोळी, आलूची भाजी की रात्रीचं वरण. तेवढ्यात खटका दाबलेला असायचा. "खाल्लेलं आठवताना मानूस खोटं बोलत नाई," असं त्यांचं म्हणणं. मी आधी हसायचे. मग एक दिवस हजारभर पासपोर्ट फोटो नजरेखालून घातले. सगळी माणसं खरी दिसत होती.

फोटो काढणे हा शब्द त्यांना चालत नव्हता. फोटो येतो, आपण थांबायचं. हे थांबणं त्यांच्या अंगात जुन्या अंधाऱ्या खोलीतून भिनलं होतं. रिळाच्या काळात मागच्या खोलीत लाल दिवा लावून ते कागद औषधाच्या ट्रेमध्ये बुडवायचे आणि त्या पांढऱ्या कागदावर हळूहळू चेहरा वर यायचा. घड्याळ दिसायचं नाही, म्हणून त्यांनी वेळ मोजायची स्वतःची रीत काढली होती. मालेगावहून अकोल्याच्या एसटीत बसायचं, मनातल्या मनात. "मालेगाव... मेडशी, दोन बाया उतरल्या... घाट लागला... पातूर... कापशी... अकोला." घाटात केस यायचे, पातूरला नाक-डोळे, आणि अकोला आलं की फोटो उचलायचा. अकोला हुकलं तर फोटो काळा.

औषधं गेली, ट्रे गेला, लाल दिव्यावर कोळ्यानं जाळं केलं. एसटी चालू राहिली. कॉम्प्युटरवर फोटो उघडायला वेळ लागला की यांची गाडी सुटली मालेगावहून.

आणि डोळा. कोणताही फोटो उघडला की आधी ते डोळ्यावर जायचे, पूर्ण मोठा करून. पापणीचा केस न् केस सुटा दिसला तर फोटो पास. दागिने, साडी, मागचा पडदा, हे सगळं नंतर. लेन्सवर आपोआप फोकस करणारं बटन असतं, त्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. फोकस हातानं करायचा. "मशिनले काय मालूम कोनत्या डोयात पानी हाये?" असं म्हणायचे. मी दहादा म्हटलं असेल, काका, सगळं जग ते बटन वापरतं. ते म्हणायचे, जग वांगी बी विकत घेते. कप्पाळ माझं!

आता त्या मॉनिटरचं सांगते.

संक्रांतीच्या आसपास त्यांनी सुरू केलं की स्क्रीन धुरकट झाला. मला तर ठीक दिसत होता. पुसून दिला, उजेड वाढवून दिला. तरी नाहीच. शेवटी वाशिमला जाऊन सत्तावीस इंची नवा मॉनिटर घेऊन आले, टेबलावर मावेना म्हणून टेबल भिंतीपासून पुढं ओढलं. पहिला फोटो लावला तेव्हा नवरीचा डोळा पोळीएवढा दिसला आणि काका इतके खूष झाले की मलाच दोन वांगी मिळाली.

खुशी टिकली दोन दिवस. फोटोवर क्लिक केलं की आधी सगळं पुसट, फासटलेलं दिसायचं, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'लोड होत आहे' यायचं, आणि बऱ्याच वेळानं फोटो साफ व्हायचा. काकांची एसटी पार पातूरच्या पुढं जायची. एका लग्नाचे दोन हजार फोटो, आणि प्रत्येकाला पातूर! अल्बम निवडायचा कसा? आसेगावच्या लग्नाचा अल्बम अडून बसला होता, आणि पुढच्या शुक्रवारी किन्हीराजा गावातलं लग्न डोक्यावर.

काकांना वाटलं मॉनिटर नव्या सुनेसारखा बुजला आहे, जरा रुळू द्यावा. मला असलं काही पटत नाही. मी केबल बदलली. मागं दोन भोकं होती, दुसऱ्यात घालून पाहिली. डिस्क रिकामी केली. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला रॅम वाढवा. त्यांच्याकडं प्रत्येक दुखण्यावर तेच औषध. मग एका रविवारी मी सुट्टी सोडून हट्टानं बसले आणि सापडलं. आमचा फोटोचा प्रोग्राम प्रत्येक फोटोची एक छोटी नक्कल करून ठेवतो, पटकन दाखवायला. त्या सगळ्या नकला जुन्या, छोट्या स्क्रीनच्या मापाच्या होत्या. नवा स्क्रीन मोठा, त्याला ते माप पुरेना, म्हणून प्रोग्राम आधी छोटी नक्कल ताणून दाखवायचा आणि मग बसून नवी करायचा. प्रत्येक फोटोला, प्रत्येक वेळी. बिघाड कशातच नव्हता. मी सेटिंगमध्ये माप बदललं, सगळ्या फोटोंच्या नव्या नकला करायला लावल्या आणि कॉम्प्युटर चालू ठेवून घरी गेले.

सोमवारी सकाळी मी फोटो उघडून पाहिला. क्लिक केलं की हजर! 'मेडशी'सुद्धा म्हणून होईना. मी काकांची वाट बघत बसले. खरं सांगते, शाबासकीची वाट बघत होते.

काका आले, खुर्ची पुढं ओढून बसले, आसेगावच्या नवरीचा फोटो उघडला, डोळ्यावर गेले. "मालेगाव," म्हणाले. मी हसू दाबून उभी. "मेडशी... घाट..." मला वाटलं सवयीनं म्हणताहेत. "पातूर... कापशी..." मी खाली कोपऱ्यात पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. लोड होऊन गेलं होतं.

"अकोला," काका म्हणाले, आणि थांबले. मग माझ्याकडं वळून, "अजून नाई आला वं. कायचं केलं तुनं रविवारभर?"

मी स्क्रीनकडं पाहिलं. नवरीच्या पापण्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या. आधी वाटलं माझंच सेटिंग चुकलं. मी घाईघाईनं माउस घेतला आणि मागच्या वर्षीचा एक फोटो उघडला. लख्ख. पापणीचा केस न् केस सुटा, बुबुळात खिडकीसुद्धा दिसत होती.

काका त्याच्याकडं बघत म्हणाले, "हे बी तसंच."

मी माउस सोडला. तोंडातून निघालं ते भलतंच. "येऊन राह्यला काका. थोडं काम बाकी हाय अजून."

"मंग ठीक," म्हणाले, आणि थांबायला लागले. थांबायची त्यांना सवयच होती.

त्या दुपारी ते डबा खाऊन बाकड्यावर आडवे झाले आणि मी एकेक फोल्डर उघडत मागं गेले. काका कधी एक फोटो डिलीट करायचे नाहीत, मिटलेल्या डोळ्यांचेसुद्धा, म्हणून सगळं जाग्यावर होतं. दिवाळीपर्यंत सगळे लख्ख. तुळशीच्या लग्नानंतर मधूनच एखादा नरम, पापण्या मिसळलेल्या. संक्रांतीला जास्त. छोट्या स्क्रीनवर ते कळलंच नव्हतं, मला पण नाही, आणि मी रोज बघत होते. मग नवा स्क्रीन आला, तर त्यावर सगळेच फोटो आधी फासटलेले दिसायचे, त्यात कोणता खरा फासटलेला हे कोण बघतंय? आसेगावच्या लग्नातले निम्मे गेले होते. फेऱ्यांतला एखादा चुकला असता तर पुढचा घेता आला असता, पण ते आमच्या बौद्धांतलं लग्न, विहारातलं, तिथं फेरे नसतात. दोघं बुद्धमूर्तीपुढं उभी आहेत, पांढरी साडी, हातात फुलं, आणि फोकस मागच्या पडद्यावर.

मग बाकीचं आठवायला लागलं. चहा ओतताना कपाच्या बाहेर सांडणं. पत्रिकेतली तारीख मला वाचायला लावणं, "तुह्या तोंडून आयकाले बरं वाटते" म्हणून. त्यांना शुगर होती हे काकूंकडून माहीत होतं, गोळी ते आठवली तर घ्यायचे. मी मूर्खासारखी केबल बदलत बसले होते.

चार दिवस मी बोलले नाही. रोज काका विचारायचे, आला का, आणि मी म्हणायचे, येऊन राह्यला. काकूंना सांगावं असं मनात आलं, पण त्यांच्या पाठीमागं जाऊन सांगणं मला चहाडी वाटली. मला भीती वाटत होती. त्यांच्याबद्दल वाटत होती, आणि उगाच चांगुलपणा कशाला मिरवू, माझ्या नोकरीबद्दल पण वाटत होती. डोळे गेलेल्या माणसाचा स्टुडिओ किती दिवस चालणार? घरी बाबा शाळेत शिपाई, रिटायरमेंटला आलेले. रात्री जेवताना आई म्हणाली, काहून गप गप हायेस, तर मी तिच्यावरच ओरडले.

गुरुवारी काका किन्हीराजाच्या लग्नाची पिशवी भरत होते. लेन्स पुसत होते, तोंडानं काहीतरी गुणगुणत. एकुलत्या एका पोरीचं लग्न होतं, तिचा बाप तीनदा येऊन, तीनदा वाकून सांगून गेला होता, "तुमीच या भाऊ, दुसऱ्या कोनाले पाठवू नका." त्यांनी लेन्स डोळ्यासमोर धरली, फूं केलं, आणि मला म्हणाले, "पाय बरं, आसेगाव आलं का साफ?"

मी म्हटलं, "काका, फोटो कवाचाच आला."

"कवा?"

"सोमवारीच आला. तुमाले दिसून नाई राह्यला."

काकांनी लेन्स खाली ठेवली, तीही नीट कापडावर. कपाटातून कुठलातरी जुना छापील फोटो काढला, दाराशी गेले, आणि त्यांनी शटर धाडकन पूर्ण वर ढकललं. सहा वर्षांची धूळ खाली आली. भर दुपारचं ऊन स्टुडिओत शिरलं. उन्हात उभं राहून त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि फोटो पाहिला. मग हात उजव्या डोळ्यावर नेला, पुन्हा पाहिला. असं किती वेळा केलं कोण जाणे. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघत होते. मला रडू यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं.

आत आले ते खवळूनच. "चार दिवस! चार दिवस तू मले येऊन राह्यला, येऊन राह्यला करून राह्यली? पह्यल्या दिवशी काय सांगितलं होतं तुले?"

"लागलं तं लागलं म्हनाचं."

"मंग?"

"चुकलं काका."

खुर्चीवर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "कवापासून?"

"दिवाळीनंतर."

"उजवा गेला वं. कॅमेऱ्याचा डोया." आणि थोड्या वेळानं, "मले वाटे, मशीनच लेट हाये."

लेन्स उचलून त्यांनी माझ्यापुढं धरली. काळ्या चिकटपट्टीचं टोक नखानं उचकटायचा प्रयत्न केला, ते सापडेना. मी हात पुढं केला तर झटकला. शेवटी स्वतःच सोलून काढली, गोळी केली आणि जाकिटाच्या खिशात टाकली. "उद्या तू जाशीन. मी बाजूले बसतो."

किन्हीराजाच्या लग्नाचे फोटो मी काढले. फोकसचं बटन आपलं काम चोख करत होतं. काका शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर, आठ खिशांच्या जाकिटात, नवरीच्या बापाला आधीच सगळं खरं सांगून बसलेले. फोटोसाठी जो येईल त्याला खुर्चीवरूनच विचारायचे, "सकाऊन काय खाल्लं?" लग्नघरात काय खाल्लं असणार? कुणी म्हणे पोहे, कुणी म्हणे कायीच नाई, भूक लागून राह्यली. मी खटका दाबत होते. ते फोटो अजून माझ्याकडं आहेत.

आसेगावला ते स्वतः गेले, मी सोबत. अंगणात बाजेवर बसून त्यांनी सांगितलं की चूक झाली, डोळ्याची झाली, पण माझी झाली, पोरीला-जावयाला बोलवा, विहारात पुन्हा उभं करून फोटो घेऊ, ती साडी असेल ना ठेवलेली. पोरीचा बाप तापला होता, त्याचं बरोबरच होतं. पण त्याची म्हातारी आई नमुन्याचे फोटो हातात धरून कितीतरी वेळ बघत होती. ती म्हणाली, "चांगले तं हायेत. मले तं सारं असंच दिसते." यावर बाप हसला आणि मग चहा आला. चहा पिऊन काका त्या आजीला म्हणाले, "आजी, चाला माह्यासंगं अकोल्याले, डोये दाखवाले." आजी म्हणाली, "मी काय कराले येऊ? मले कुठं फोटो काढाचे हायेत?"

अकोल्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काकूंनी मला सोबत पाठवलं, कारण काका त्यांना अर्ध्या रस्त्यातून परत आणतील ही खात्री. एसटीत खिडकीशी बसून ते थांबे म्हणत होते, या वेळी मोठ्यानं. मेडशीला माझं घर लागतं तेव्हा म्हणाले, "उतराचं हाये का तुले?" मी नाही म्हटलं.

दवाखान्यात सिस्टर कागद घेऊन आली आणि मान वर न करता म्हणाली, "आजोबा, सकाळी काय खाल्लं?" शुगरसाठी विचारत होती. काका एकदम थबकले. सहा वर्षं मी हा प्रश्न त्यांच्या तोंडून ऐकला, त्यांना कुणी विचारल्याचं पहिल्यांदाच पाहत होते. ते आठवायला लागले. तो चेहरा मी कॅमेरा नसताना बघितला. "भाकर," म्हणाले, "अन् वांग्याची भाजी." आणि माझ्याकडं वळून हसले, "हे बी आपल्याच धंद्यातली हाये वं."

मग डोळ्यांत थेंब टाकून त्यांना मशीनपुढं बसवलं. हनुवटी टेकवा, समोर बघा, हलू नका. टिक्क झालं. डोळ्याच्या आतला फोटो समोरच्या मोठ्या मॉनिटरवर लगेच आला, संत्र्याच्या रंगाचा गोल, त्यात लाल बारीक शिरा, आणि मधेमधे पिवळे-काळे डाग. डॉक्टर बोटानं दाखवत होते. शुगरमुळं डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज, उजव्याला फार उशीर झाला, डाव्याला इंजेक्शनं सुरू केली तर नजर राहील. काका मान हलवत ऐकत होते. थेंबांमुळं त्यांना स्क्रीनच काय, स्वतःचा हातही धड दिसत नव्हता.

डॉक्टर कागद लिहायला वळले, तेव्हा काकांनी माझं मनगट धरलं.

"आला का फोटो?"

"आला काका."

"डोया साफ हाये?"

मी त्या स्क्रीनकडं पाहिलं. एकेक शीर सुटी दिसत होती. एवढा नेमका फोकस मी आमच्या स्टुडिओत कधी पाहिला नव्हता. खोटं बोलणं फार सोपं होतं, तोंडाशी आलंही होतं.

"फोटो साफ हाये काका," मी म्हटलं. "डोया नाई."

त्यांनी मनगट सोडलं नाही. डोळे मिटून घेतले.

"असंच सांगत जाय," म्हणाले.